आंधळ्या ॲम्फिपॉडला नाव देईपर्यंत: झरे आणि गुहांमधल्या नव्या प्रजातीचं वर्णन कसं करावं

जाळीतलं पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं, गाळ खाली बसू दिला, की एखाद्या दिवशी तो दिसतो. तांदळाच्या दाण्याएवढा, दुधट, डोळ्यांचा पत्ता नाही, आणि कुशीवर पडून ट्रेच्या कडेकडेनं सरपटत निघालेला. ‘ही नवीनच प्रजाती असणार’ हे वाक्य तोंडाशी येतं. ते वहीत तारखेसह लिहून ठेवा, पण कोणाला सांगू नका.

प्राणी नवा आहे की नाही हे त्या ट्रेकडे बघून ठरत नाही. त्याच्या सगळ्या नातलगांच्या शेजारी त्याला ठेवल्यावर ते कळतं, आणि ते नातलग बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी कपाटात, दुसऱ्या भाषेतल्या जुन्या नियतकालिकात किंवा रस्त्यापलीकडच्या झऱ्यात असतात. नव्या प्रजातीचा पहिला नमुना गोळा होण्यापासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळलं होतं. यातली बरीच वर्षं नमुने नुसते कुपीत पडून असतात. हे काम त्याहून बरंच लवकर होऊ शकतं, पण ते योग्य क्रमानं करावं लागतं.

उदाहरणासाठी मी इथे ॲम्फिपॉड धरतो, म्हणजे झिंग्या-खेकड्यांच्या नात्यातला छोटा कवचधारी प्राणी. गोड्या पाण्यातल्या ॲम्फिपॉडांची २००८ साली मोजदाद झाली, तेव्हा प्रजाती आणि उपप्रजाती मिळून १८७० भरल्या, आणि त्यातल्या सुमारे ४५ टक्के जमिनीखालच्या पाण्यातल्या होत्या. झरे आणि गुहांमध्ये काम करणाऱ्याला हा गट टाळता येत नाही. आयसोपॉड, कोपेपॉड किंवा ऑस्ट्रॅकॉड हे दुसरे कवचधारी हाती लागले तरी पायऱ्या याच. अवयव बदलतात आणि सुई अधिक बारीक लागते.

पाण्यात उतरण्याआधी

प्राणी कोणत्या गटातला हे आधी ठरवा. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा आणि कुशीवर पडणारा तो ॲम्फिपॉड. वरून चपटा, सात जोड्या जवळपास सारख्या पायांचा तो आयसोपॉड. मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान, पुढे फुगीर आणि मागे शेपटीसारखा निमुळता तो कोपेपॉड. दोन शिंपल्यांत मिटलेला तो ऑस्ट्रॅकॉड. यातल्या कशातच न बसणारा प्राणी निघाला तर त्याला खराब नमुना म्हणून फेकू नका. प्रागच्या विहिरींमधून मिळालेल्या किड्यासारख्या लांबट प्राण्याचं वर्णन फ्रान्तिशेक व्हेज्दोव्स्की यांनी १८८२ मध्ये बाथिनेला नॅटन्स या नावानं केलं. ट्युनिशियातल्या गरम झऱ्यांतल्या थर्मोसबीना मिराबिलिसचं वर्णन तेओदोर मोनो यांनी १९२४ मध्ये केलं. दोन्हींसाठी पुढे स्वतंत्र गण मानावे लागले.

गट कळला की जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा एकत्र गट, शोधायचं, आणि त्या जीनसमधल्या आजवर वर्णन झालेल्या सगळ्या प्रजातींची यादी करायची. ॲम्फिपॉडांसाठी जागतिक डेटाबेस इंटरनेटवर मोफत आहे, तिथे नावं, समानार्थी ठरलेली जुनी नावं आणि मूळ वर्णनाचा संदर्भ मिळतो. यादी हातात आल्यावर मूळ वर्णनं गोळा करा. मूळ म्हणजे मूळच. नंतरच्या कोणी दिलेला सारांश चालणार नाही. युरोपातल्या नायफार्गस या जीनसमध्ये चारशेहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांची वर्णनं जर्मन, फ्रेंच, इटालियन, सर्बो-क्रोएशियन अशा भाषांत विखुरली आहेत. आकृत्या सगळ्यांना वाचता येतात, पण ‘हे लक्षण फक्त नरात’ अशी एखादी ओळ मजकुरातच दडलेली असते, म्हणून भाषांतर करून घ्या.

मग एक तक्ता मांडा. आडव्या ओळीत प्रजाती, उभ्या स्तंभात लक्षणं. जिथे जुन्या लेखकानं काही सांगितलेलंच नाही तिथे चौकट रिकामी ठेवा, अंदाजानं भरू नका. तक्ता भरत गेला की दोन गोष्टी कळतात: कोणत्या लक्षणांवर भेद करता येईल, आणि कोणत्या दोन-तीन प्रजाती तुमच्या प्राण्याच्या इतक्या जवळच्या आहेत की त्यांचे मूळ नमुने बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या नमुन्यांसाठी संग्रहालयांना पत्रं याच टप्प्यावर लिहा, उत्तर यायला महिने लागतात.

परवानग्यांचंही आत्ताच बघा. जमीन कोणाची, गुहा संरक्षित क्षेत्रात येते का, नमुने देशाबाहेर पाठवायचे झाले तर कोणाचा कागद लागेल. जैविक संसाधनांच्या वापराबाबतचा नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. परवाना क्रमांक मागितल्याशिवाय लेख न स्वीकारणारी नियतकालिकं आता आहेत. नमुने अखेरीस कुठल्या संग्रहात ठेवणार हेही आधीच बोलून ठेवलेलं बरं.

झऱ्यावर आणि गुहेत

झऱ्याचं काम सोपं दिसतं. पाणी जिथून बाहेर येतं तिथेच, अगदी उगमाच्या तोंडाशी, भूजलातले प्राणी सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. दहा पावलं खाली गेलात की उजेडातल्या ओढ्यातले प्राणी सुरू होतात. दगड उलटा, कुजलेली पानं जाळीत झटका, पण मुख्य भिस्त प्रवाहाच्या जाळीवर ठेवा. उगमावर बारीक जाळी बांधून ती चोवीस तास तशीच राहू द्यायची. ॲम्फिपॉडांसाठी १०० ते २५० मायक्रॉनची वीण चालते, कोपेपॉड हवे असतील तर याहून बारीक लागते. मोठा पाऊस पडून गेल्यावर झरा फुगतो तेव्हा आतले प्राणी वाहून बाहेर येतात. कोरड्या दिवसांत तीनदा रिकाम्या हाती परतवणारी जागा अशा वेळी एका रात्रीत कुपी भरून देते.

वाळू-गोट्यांच्या पात्रात दोन पद्धती आहेत. एक करामान आणि शापुई यांच्या नावानं ओळखली जाते: काठावर खड्डा खणायचा, त्यात पाणी झिरपू द्यायचं आणि ते जाळीतून गाळायचं. एवढंच. दुसरी बू-रूश पंपाची, १९६७ सालची. भोकं पाडलेला लोखंडी पाइप पात्रात ठोकायचा, वर हातपंप बसवायचा आणि पाच-दहा लिटर पाणी उपसून गाळायचं. पंपात नाजूक प्राण्यांचे पाय तुटतात. म्हणून पंपानं प्राणी आहे हे कळलं की चांगल्या नमुन्यांसाठी खड्ड्याकडे वळा.

गुहेत साचलेल्या पाण्याचे लहान लहान खळगे शोधा. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याखालचे खळगे विशेष महत्त्वाचे, कारण ते प्राणी वरच्या खडकातल्या फटींतून येतात आणि गुहेतल्या ओढ्यात राहणाऱ्यांपेक्षा वेगळे असू शकतात. दोन्ही ठिकाणचे नमुने एका कुपीत मिसळू नका. प्राणी रुंद तोंडाच्या पिपेटनं उचला, चिमट्यानं नको. आमिषाचा सापळा लावायचा तर माशाचा छोटा तुकडा पुरतो, पण लावलेला प्रत्येक सापळा मोजून परत काढायचा. विसरलेल्या सापळ्यात प्राणी अडकून मरत राहतात आणि सडलेलं आमिष आख्खा खळगा नासवतं.

एकट्यानं गुहेत जाऊ नये. निदान तिघं, प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे, डोक्यावर हेल्मेट, आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे ठाऊक असलेलं कोणीतरी बाहेर. पावसाचा अंदाज बघून निघा. पाणलोटात दूर कुठे कोसळलेल्या सरीनं गुहा भरते. पाण्याखाली गेलेल्या भुयारात उतरणं हे प्रशिक्षित गुहा-पाणबुड्यांचंच काम, नुसती हौस असलेल्याचं ते नव्हे. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना बूट, जाळ्या आणि दोर धुवून, निर्जंतुक करून, वाळवून घ्या. वटवाघळं आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यांसारखे प्राणी) यांचे रोग असेच पसरलेत. वटवाघळं शीतनिद्रेत असतील तर त्या हंगामात तिकडे फिरकूच नका.

किती नमुने घ्यायचे? भूजलातले प्राणी हळू वाढतात, थोडी अंडी घालतात, पुष्कळ जगतात, आणि एखाद्या खळग्यात दिसलेले दहा प्राणी म्हणजे तिथली मोठीच वस्ती असू शकते. माझ्या मते पहिल्या फेरीत पाच-सहा प्रौढ पुरतात. त्यांत दोन्ही लिंगं असावीत म्हणून थोडं निवडून घ्या. पोटाखाली अंडी वाहणारी मादी एकच पुरे. कमी पडले तर दुसऱ्या हंगामात परत जा.

जागेवरच पाण्याचं तापमान, विद्युतवाहकता, सामू आणि अक्षांश-रेखांश नोंदवा. झऱ्याचं तापमान वर्षभर जवळपास स्थिर असेल तर पाणी खोलून येतंय असा कयास करता येतो, आणि ही गोष्ट वर्णनातल्या ‘अधिवास’ या परिच्छेदात उपयोगी पडते.

कुपी आणि चिठ्ठी

प्राणी जिवंत असतानाच फोटो काढा. इथेनॉलमध्ये गेल्यावर रंग जातो, डोळ्याचा लालसर किंवा पिवळट ठिपका विरतो, आणि ‘डोळे नाहीत’ असं चुकीचं वाक्य कायमचं छापलं जातं.

डीएनए हवा असेल तर ९६ टक्के इथेनॉल, लगेच, थंड जागी, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलून नवं. प्राण्याच्या अंगातलं पाणी पहिल्या दिवशीच इथेनॉल पातळ करतं. पण इतक्या तीव्र इथेनॉलमध्ये प्राणी ठिसूळ होतात, स्पर्शिका आणि मागचे पाय गळतात. म्हणून काही नमुने ७० टक्के इथेनॉलमध्ये वेगळे ठेवा, ते विच्छेदनासाठी. फॉर्मॅलिन टाळा. त्यात आकार छान टिकतो, पण डीएनएचं वाटोळं होतं.

चिठ्ठी कुपीच्या आत टाकायची. बाहेर चिकटवलेलं लेबल सुटतं, आणि बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळून कुपीभर निळं पाणी होतं. पेन्सिल किंवा टिकाऊ काळी शाई, जाड कागद, आणि त्यावर जागा, तारीख, संकलक, पद्धत. ‘नमुना क्र. ३, वही बघा’ असं लिहिलेल्या कुप्या मी बघितल्या आहेत. वही कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुईखाली

आता खरं काम. यासाठी चांगला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, १०० ते ४०० पट दाखवणारा संयुक्त सूक्ष्मदर्शक, टंगस्टनच्या किंवा बारीक कीटकसुया लाकडी दांड्यात बसवलेल्या, आणि ग्लिसरॉल एवढं पुरतं. घाई असलेल्या दिवशी बसू नका.

आधी आख्खा प्राणी बघा आणि मोजा. लांबी डोक्याच्या पुढच्या टोकापासून टेल्सनच्या (शेपटीच्या टोकावरच्या पट्टीच्या) बुडापर्यंत पाठीच्या वळणावरून मोजतात, कारण ॲम्फिपॉड कायम वाकलेला असतो. दोन टोकांमधलं सरळ अंतर घेतलं तर तोच प्राणी निम्मा भरतो. मोजमाप कसं घेतलं हे लेखात लिहायचं आहे, आत्ताच नोंदवा. बाजूनं एक संपूर्ण चित्र किंवा फोटोंचा संच इथेच करून घ्या, नंतर हा प्राणी आख्खा उरणार नाही.

डीएनएसाठी एक पाय काढायचा तर तो विच्छेदनाआधी, आणि त्याची नोंद त्याच क्षणी. कोपेपॉडासारखा सूक्ष्म प्राणी असेल तर आख्ख्या प्राण्यावर प्रोटिनेज-केची (प्रथिनं पचवणाऱ्या विकराची) क्रिया करून डीएनए काढता येतो आणि रिकामं कवच चित्रासाठी शिल्लक राहतं. त्या कवचातून दिसणाऱ्या खुणा बऱ्याचदा मूळ प्राण्यापेक्षाही स्वच्छ असतात.

प्राणी इथेनॉल आणि ग्लिसरॉलच्या मिश्रणात घालून झाकण अर्धवट ठेवा. इथेनॉल हळूहळू उडून जातं आणि ग्लिसरॉल अंगात शिरतं. थेट ग्लिसरॉलमध्ये टाकलात तर तो आक्रसून सुकटीसारखा होतो. मग सुरुवात मागून करा: टेल्सन, युरोपॉड (शेपटीकडचे ताठ पाय), प्लिओपॉड (त्यांच्या पुढचे पोहण्याचे पाय), मग मागचे पाय, मग पुढचे, मग दोन्ही नॅथोपॉड म्हणजे पकडीचे पाय, आणि शेवटी डोकं. फक्त एका बाजूचे अवयव काढा, दुसरी बाजू जशीच्या तशी राहू द्या. उद्या कोणी तुमच्यावर शंका घेतली तर ती शाबूत बाजूच बोलेल.

ॲम्फिपॉडाला अवयवांच्या १९ जोड्या असतात. दोन स्पर्शिकांच्या, चार तोंडाच्या, सात पायांच्या, आणि मागे तीन प्लिओपॉडांच्या नि तीन युरोपॉडांच्या. शिवाय ओठ आणि टेल्सन. प्रत्येक अवयव स्वतंत्र थेंबात, स्वतंत्र क्रमांकाखाली. नव्या माणसाचे बहुतेक घोळ इथेच होतात. पाचवा पाय सहावा म्हणून रंगवला जातो आणि मग ‘सहाव्या पायाचा तळखंड असाधारण रुंद’ असं नवंच लक्षण जन्माला येतं.

तोंडाचे अवयव सगळ्यात चिवट. डोकं पाठीवर उलथं करा, आधी मॅक्झिलिपेड (तोंडावर झाकणासारखी असलेली जोडी) उचला, मग दोन मॅक्झिला (सहायक जबड्यांच्या जोड्या), शेवटी जबडे. दोन्ही जबडे वेगवेगळे असतात, डाव्याच्या कापणाऱ्या कडेचे दात उजव्याशी जुळत नाहीत, त्यामुळे इथे मात्र दोन्ही बाजू काढाव्याच लागतात. जबड्याच्या पाल्पवरचे (बोटासारख्या उपांगावरचे) रोम अ, ब, क, ड, इ अशा गटांत मोजण्याची रीत नायफार्गसवाल्यांनी पाडली आहे, आणि ती इतर गटांतही सोयीची आहे.

नॅथोपॉडवर कव्हरस्लिप ठेवताना थांबा. तो जाड असतो. दाबला गेला तर तळहाताचा आकार बदलतो, आणि भेदाचं मुख्य लक्षण बऱ्याचदा तोच आकार असतो. काचेचे दोन बारीक तुकडे कडेला ठेवून मग कव्हरस्लिप टेकवा. जुन्या लेखांमधल्या काही ‘रुंद’ तळहातांची रुंदी कव्हरस्लिपनंच वाढवली असावी, असं मला राहून राहून वाटतं.

कायमच्या स्लाइडसाठी अवयव बसवायला युपॅरल हे चिकट माध्यम चांगलं. फोरच्या द्रावणातल्या स्लाइड झटपट होतात आणि काही दशकांनी त्यांत स्फटिक धरतात. होलोटाइपच्या, म्हणजे ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव टेकतं त्याच्या बाबतीत हा जुगार खेळू नये.

कशाला लक्षण म्हणायचं

डोळे नसणं, पांढरेपणा, लांब स्पर्शिका, लांब पाय या गोष्टी अंधारातल्या जगण्यानं येतात, आणि एकमेकांशी नातं नसलेल्या प्राण्यांमध्ये पुन्हा पुन्हा आलेल्या आहेत. तेवढ्यावर नवी प्रजाती उभी राहत नाही. उत्तर अमेरिकेतला गॅमॅरस मायनस हा ॲम्फिपॉड झऱ्यांमध्ये राहतो आणि गुहांमध्येही. गुहांमधल्या काही वस्त्यांमध्ये त्याचे डोळे लहान आणि स्पर्शिका लांब झालेल्या आहेत, तरी तो गॅमॅरस मायनसच आहे. स्लोव्हेनियातल्या पोस्टोइना गुहेतले फिकट, आंधळे असेलस ॲक्वाटिकस हे आयसोपॉड प्रयोगशाळेत बाहेरच्या रंगीत, डोळस भाईबंदांशी संकर करतात. झरा आणि गुहा एकाच पाण्याची दोन तोंडं असतील तर दोन्हीकडचे नमुने शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वय आणि लिंग यांचीही अशीच दिशाभूल. नायफार्गसच्या पुष्कळ प्रजातींत नराचा तिसरा युरोपॉड लांबच लांब वाढतो, मादीचा आखूड राहतो, आणि कोवळ्या नराचाही आखूडच असतो. एका प्रजातीचा प्रौढ नर आणि दुसरीची मादी यांची तुलना करून भेद दाखवणं हे या क्षेत्रातलं जुनं पाप आहे. मादी प्रौढ आहे का हे पिल्लांच्या पिशवीच्या पट्ट्यांवर रोम आहेत का यावरून ठरवा. रोम नसतील तर ती अजून वयात आलेली नाही.

काट्यांची आणि रोमांची संख्या प्राण्याच्या आकाराबरोबर वाढते. म्हणून ‘टेल्सनवर प्रत्येक बाजूला तीन काटे’ हे एका नमुन्यावरून लिहू नका, जेवढे प्रौढ आहेत तेवढ्यांवर मोजा आणि ‘तीन ते चार’ असं खरं ते लिहा. काट्यांच्या जागा, नॅथोपॉडच्या तळहाताचा आकार आणि त्याच्या कोपऱ्यातला काटा, पायाच्या नखावरच्या रोमांची मांडणी, मागच्या बाजूच्या एपिमेरल पट्ट्यांचे (कुशीवरच्या कवचपट्ट्यांचे) कोपरे, टेल्सनची खाच किती खोल, ही लक्षणं संख्येपेक्षा भरवशाची असतात. कोणत्या गटात कोणतं टिकतं हे तुमचा तक्ताच सांगेल.

डीएनए, आणि त्याच्याकडून काय मागायचं

सीओआय या मायटोकॉन्ड्रियल जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा सगळे वाचतात. त्यासाठीचे प्रायमर (जनुकाला चिकटून त्याची नक्कल सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) १९९४ पासून वापरात आहेत. पण कवचधारींमध्ये या जनुकाच्या निकामी नकला केंद्रकात जाऊन बसलेल्या असतात आणि प्रायमर त्यांनाही चिकटतो. मिळालेला अक्षरांचा क्रम प्रथिनात भाषांतरित करून बघा. मध्येच थांबण्याची खूण आली तर तो क्रम टाकून द्या. सोबत २८एससारखं एखादं केंद्रकातलं जनुक घ्याच, दोघांची वंशावळ एकच सांगत असेल तर बळ येतं.

‘किती टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती’ हा प्रश्न सगळे विचारतात. कवचधारींसाठी २००६ मध्ये सुचवलेला एक आकडा प्रसिद्ध आहे: वंशवृक्षावर मोजलेलं अंतर दर जागी ०.१६ बदलांहून जास्त असेल तर त्या दोन वंशशाखा वेगळ्या प्रजातींच्या असण्याची शक्यता फार. वाक्य नीट वाचा. वृक्षावरचं अंतर आणि दोन क्रम शेजारी ठेवून मोजलेले टक्के एकच नव्हेत, आणि आकड्याच्या आत असलेल्या प्रजाती एकच आहेत असंही यात म्हटलेलं नाही. एएसएपी, पीटीपी अशी डीएनएवरून प्रजातींची सीमारेषा सुचवणारी संगणकी साधनं वापरा, पण त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर आवडतं उत्तर तेवढं निवडून छापू नका.

तुलनेसाठी लागणारे क्रम आजूबाजूच्या प्रजातींचे, आणि शक्यतो त्यांच्या मूळ जागेवरच्या प्राण्यांचे असावेत. जनुकपेढीतल्या क्रमाला कोणीतरी घाईत चिकटवलेलं नाव हे पुरावा नसतं. नायफार्गस व्हिरेईला वर्षानुवर्षं दूरवर पसरलेली एकच प्रजाती मानत, डीएनएनं तिच्यात एकाहून अधिक दाखवल्या. युरोपातल्या भूजलवासी कवचधारींवर २००९ मध्ये झालेल्या कामातही असंच दिसलं: २०० किलोमीटरपेक्षा जास्त पसरलेली एकसंध वंशशाखा विरळाच. त्यामुळे ‘आपला प्राणी अमुक प्रजातीसारखाच, फक्त तीनशे किलोमीटर दूर’ असं वाटत असेल तेव्हा जास्त बारकाईनं बघा. आणि उलट बाजूनं, डीएनए वेगळा पण सुईखाली काहीच वेगळं नाही अशी स्थिती आली, तर क्रमातल्या ठरावीक जागांवरची अक्षरं देऊनही प्रजातीची ओळख लिहिता येते. मी स्वतः मात्र अशा वेळी आणखी एकदा सूक्ष्मदर्शकाकडे जाईन.

चित्र

ड्रॉइंग ट्यूबमधून (सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर दाखवणाऱ्या जोडनळीतून) पेन्सिलनं रेखाटन, मग ते स्कॅन करून टॅब्लेटवर रेषा पक्क्या करणं ही रीत आता रुळली आहे. फोटो सोबत द्या, पण त्यावर विसंबू नका, फोटो नको ते सगळं दाखवतो. प्रत्येक चित्राशेजारी मोजपट्टी. दिसले तेवढेच रोम काढायचे, तुटलेल्याच्या जागी खाच दाखवायची, सुंदर दिसावं म्हणून भर घालायची नाही.

मजकूर आणि नाव

प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली कायद्यासारखी वाचावी लागते. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नव्या प्रजातीसाठी त्यातलं किमान असं: नाव लॅटिन लिपीत आणि दोन शब्दांचं, ते नवं असल्याचा स्पष्ट उल्लेख, वेगळेपण शब्दांत सांगणारं वर्णन किंवा व्याख्या, होलोटाइप अमुक नमुनाच असं नेमकं सांगणं, आणि तो कोणत्या संग्रहात, कुठे ठेवला किंवा ठेवणार हे लिहिणं. यातलं एक राहिलं तरी नाव हवेत राहतं.

होलोटाइप एकच असतो. प्रौढ, शक्य तितका पूर्ण, आणि ज्या लिंगात भेद ठळक दिसतो त्या लिंगाचा निवडा. बाकीचे त्याच मालिकेतले पॅराटाइप. ते दोन संस्थांत वाटून ठेवा. आग, पूर आणि युद्ध संग्रहालयांनाही चुकत नाहीत.

‘व्यवच्छेदक लक्षणं’ आणि ‘वर्णन’ हे दोन वेगळे परिच्छेद. पहिल्यात फक्त तेच, ज्यानं ही प्रजाती इतरांपासून वेगळी होते, चार-सहा ओळींत. दुसऱ्यात डोक्यापासून टेल्सनपर्यंत सगळं, तारेसारख्या तुटक भाषेत. त्यानंतर ‘तुलना’, आणि लेखाचा जीव इथे आहे. जवळच्या प्रत्येक प्रजातीचं नाव घेऊन ती कशानं वेगळी हे सांगा. परीक्षक आधी हाच भाग उघडतात.

नावाचं व्याकरण बघा. विशेषण वापरलंत तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे चालतं: नायफार्गस पुल्लिंगी म्हणून नायफार्गस स्टायगियस, सीसिडोटिया स्त्रीलिंगी म्हणून सीसिडोटिया स्टायगिया. माणसाच्या नावावरून द्यायचं तर पुरुषाला शेवटी आय, स्त्रीला एई. तेच नाव त्या जीनसमध्ये आधी कोणी वापरलंय का हे जुन्या, रद्द ठरलेल्या नावांसकट तपासा. ‘गुहेतला’, ‘आंधळा’, ‘पाताळातला’ अशा अर्थाची बहुतेक नावं केव्हाच वापरून झाली आहेत. झऱ्याच्या किंवा जागेच्या नावावरून दिलेलं नाव मला जास्त आवडतं. पत्ता नावातच राहतो.

छापताना

लेख फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल तर २०१२ पासूनच्या नियमानुसार त्याची झूबँकवर (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंदणी हवी, त्या नोंदीचा पुरावा लेखात छापलेला हवा, प्रकाशनाची तारीखही. झूटॅक्सा, झूकीज, सबटरेनियन बायॉलॉजी अशी नियतकालिकं हे सगळं सवयीनं करून घेतात. लेख निघण्याआधी नाव परिषदेतल्या पोस्टरवर किंवा बातमीत वापरू नका. वर्णनाशिवाय छापलेलं नाव उघडं पडतं, म्हणजे नियमानुसार ग्राह्य ठरत नाही, आणि घोळ निस्तरायला दुसरंच कोणी बसतं. डीएनए क्रम जनुकपेढीत टाकताना त्याला नमुन्याचा संग्रह क्रमांक जोडा.

जागेचे अक्षांश-रेखांश किती नेमके छापायचे हे जागा बघून ठरवा. स्टायगोब्रोमस हेयी या ॲम्फिपॉडचं वर्णन १९४० मध्ये झालं. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या रॉक क्रीक खोऱ्यातल्या मोजक्या झऱ्यांपलीकडे तो माहीत नाही, आणि १९८२ पासून अमेरिकेत तो संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. अशा ठिकाणी कायद्याला बोट ठेवायला नाव लागतं, आणि नाव असेल तरच झऱ्याजवळच्या खोदकामावर हरकत घेता येते. पण खळगा बादलीएवढा असेल आणि वाटेवर असेल तर नेमका बिंदू संग्रहालयाच्या नोंदीत ठेवा, लेखात जवळच्या गावाचं नाव आणि खोऱ्याचं वर्णन द्या.

लेखाची एक प्रत जमीनमालकाला पाठवा, त्यांच्या भाषेतल्या दोन परिच्छेदांसह. वर्षभरानं संग्रहालयात गेलात तर होलोटाइपच्या कुपीतलं इथेनॉल किती उतरलंय तेही बघून या.